हाच तो बिबट्या

राव, बिबट्यांसाठी जन्मभर भांडलेला माणूस खोटं बोलताना मी एकदाच पाहिला. आमच्या प्राणिसंग्रहालयाचे संचालक. निरगुडसरकडं उसातल्या बिबट्यानं एका बाईचं पोर नेलं. मग पिंजरे लागले आणि जो बिबट्या सापडला, तो आमच्याकडं आला. मागोमाग ती बाईही आली.

‘सायेब, ह्योच का त्यो?’

एरवी साहेब गावोगाव सांगत फिरायचे, की सापडला तोच गुन्हेगार असं नसतं. त्या दिवशी तिच्या तोंडाकडं बघून म्हणाले, ‘होय बाई, हाच.’

बाईनं डोळे पुसले. ‘बरं झालं. धाकटीला घरात कोंडून ठिवलीय. आता सोडते अंगणात.’

ती फाटकापाशी पोचली, तेव्हा साहेब मागनं ओरडत धावत होते, ‘बाई, थांबा! पोरीला सोडू नका!’