देवाची कोंबडी

जय ख्रिस्त, मंडळी! पेटीवाले, जरा दम घ्या. मागं दाराशी उभे आहेत त्यांनी पुढं या, सतरंजी रिकामी आहे. आज एक प्रश्न घेऊन आलोय.

लेकरू पडलं, खरचटलं — की कुठं धावतं? आईकडं! बरोबर. आता दुसरा प्रश्न. तेच लेकरू चुकलं, हातून काही फुटलं, सांडलं — तर कुठं धावतं?

का हो, गप्प झालात? मघाशी तर सगळे एका सुरात बोललात!

या प्रश्नाचं उत्तर शांतवन कसोट्यांना एका दुपारी मिळालं. ते कसं मिळालं, ते ऐका.

नगर जिल्ह्यातलं एक गाव. नाव सांगत नाही, तुमचे पाहुणे निघतील! गावाशेजारी साखर कारखाना, आणि शांतवन तिथं वायरमन. माणूस सरळ, निर्व्यसनी, चर्चच्या मंडळीचा पंच. बायको सुगंधा, शिवणकाम करणारी. आणि एकुलती एक लेक, पाच वर्षांची — सुवार्ता. लाडानं सुवी.

आता शांतवनचे वडील होते मारकुटे. उपासनेत डुलकी आली की पाठीवर वेताची छडी! तेव्हा शांतवननं मनाशी ठरवलं होतं, माझ्या लेकरावर मी हात उगारणार नाही. आणि नाही उगारला हो! शब्द पाळला. त्यानं दुसराच उपाय काढला.

घरात एक निळ्या काठाची चटई होती. संध्याकाळी दिवाबत्ती झाली की तिच्यावर बसून तिघं गीत म्हणायचे, प्रार्थना करायचे. सुवीनं दूध सांडलं, की शांतवन शांतपणे म्हणायचा, "सुवार्ता, चटईवर जा. गुडघे टेक. देवाची क्षमा माग." मांजराचं शेपूट ओढलं — चटई! दोडक्याची भाजी नको म्हटलं — चटई! प्रार्थनेत फिसकन हसली — आधीच चटईवर होती, म्हणून आणखी एक प्रार्थना!

हसताय? तेव्हा कुणी हसलं नाही. सगळे म्हणायचे, "काय शिस्त! काय संस्कार!" दोनचार घरांनी तर चटया विकत आणल्या! आणि सुवी? ती गुडघे टेकायची, डोळे गच्च मिटायची, आणि एका दमात — "हे प्रभू मी चुकले मला क्षमा कर मला सुबुद्धी दे आमेन!" झालं. पळाली.

एके दिवशी सुगंधा मशीनवर बसली होती. बघते तर सुवीनं आपली बाहुली चटईवर बसवलेली, तोंड भिंतीकडं.

"काय गं, काय केलं तिनं?"

"काही नाही."

"मग?"

"देवाला ती आवडत नाही."

नवरा आल्यावर तिनं सांगितलं, "अहो, पोरीच्या मनात काहीतरी भलतंच बसतंय." शांतवन हसला. "खेळात सुद्धा देव आठवतो तिला, आणि तू रडतेस! तुला नाही कळायचं."

नाही कळायचं! मंडळी, घरात बाईला कळलेली गोष्ट पुरुषाला कळायला किती उन्हाळे लागतात, हा हिशेब मी मांडत नाही. इथं बऱ्याच बायका मान हलवताहेत.

भीती ज्याची, त्याला पाठ।
प्रीती ज्याची, त्याची वाट॥

वाजवा, वाजवा झांजा! … बास. पुढं ऐका.

आला उपकारस्तुतीचा सण. तुम्हाला ठाऊकच आहे — ज्याच्या घरी जे पिकलं, ते त्यानं मंदिरात आणायचं, देवाला अर्पण करायचं, मग त्याचा लिलाव. कुणी बाजरी आणली, कुणी भोपळा. कसोट्यांकडं शेत नाही, तर सुगंधानं घरची कोंबडी आणली. तांबडी, तुकतुकीत, आणि महाआगाऊ! शांतवन मांडवात वायरी जोडत होता. त्यानं कोंबडी सुवीच्या कवेत दिली आणि म्हणाला, "नीट धर हं. ही आता आपली नाही. देवाची आहे."

पाच वर्षांचं लेकरू! त्यानं देवाची कोंबडी छातीशी धरली. पण कोंबडीला कुठं माहीत ती देवाची झालीय? तिनं मारली चोच, फडफडवले पंख, आणि भुर्रर्र — मांडवाच्या बाहेर!

"पकडा! पकडा!" धावली हो सगळी मंडळी! पंच धावले, तरुण संघ धावला. तिथले पाळकसाहेब धोतर सावरत भोपळ्यांवरून उडी मारून गेले! कोंबडी शाळेच्या भिंतीवर, मग रामफळाच्या झाडाखाली, शेवटी कुणाच्या तरी टोपलीखाली सापडली. टाळ्या झाल्या! कोंबडी परत आली!

आणि सुवी?

सुवी कुठं होती, हे कुणी बघितलंच नव्हतं.

लिलाव निम्मा झाला तेव्हा सुगंधानं विचारलं, "अहो, पोर तुमच्याकडं आहे ना?" शांतवन म्हणाला, "तुझ्याकडं नाही?"

मंडळी, मंदिरामागं जुनी विहीर होती. कठडा ढासळलेला. सुगंधाला दुसरं काही सुचलंच नाही, ती विहिरीकडं धावली. वाकून बघते — पाणी हिरवं, स्तब्ध. आणि शांतवन! हाक मारत सुटला — "सुवार्ता! कुठं आहेस? सुवी, कुठं आहेस?"

ही हाक ओळखीची वाटते का? जगातली पहिली चूक झाली, पहिली माणसं झाडाआड लपली, तेव्हा बागेतून देवाची हीच हाक आली होती — कुठं आहेस? देवाला ठाऊक नव्हतं काय? सगळं ठाऊक होतं! पण त्यानं आधी "काय केलंस?" असं नाही विचारलं. आधी विचारलं, कुठं आहेस!

शांतवन लिलावाच्या व्यासपीठापाशी आला. लाकडी फळ्यांचं व्यासपीठ, भोवती कापड लावलेलं. तिथंच कडेला टेकला. आणि सवयीनं त्याच्या तोंडून निघालं, "सुवी, ये गं बाळा. आपण प्रार्थना करू. देव माफ करील."

आणि कापडाआडून, फळ्यांच्या खालून, बारीक आवाज आला —

"नको पप्पा! प्रार्थना नको! मी कोंबडी शोधून आणते!"

शांतवननं कापड उचललं. अगदी आत, कोपऱ्यात, गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. गालावर चोचीचा ओरखडा, रक्त वाळलेलं. लेकराला लागलं होतं हो! लागलं होतं, आणि ते आईकडं गेलं नाही!

"सुवी, चल, घरी जाऊ."

"नको."

"का गं?"

"घरी देव आहे."

… पेटी नको. थांबा जरा. ते वाक्य तसंच राहू द्या.

बापानं कधी हात उगारला नव्हता. पण छडी त्यानं टाकली नव्हतीच, देवाच्या हातात देऊन ठेवली होती! हे त्याला त्या क्षणी कळलं, आणि तो ढसाढसा रडला.

मग काय केलं त्यानं? मंडळीचा पंच, सणाचा पांढरा सदरा — पालथा पडला आणि सरपटत व्यासपीठाखाली शिरला!

"सरक गं. मला पण बसू दे."

सुवीनं निरखून पाहिलं. "तुम्ही पण चुकलात?"

"हो. फार."

"मग गुडघे टेका." लेक बापाला शिकवते! तो गुडघ्यांवर झाला, टाळकं वर आपटलं फळीवर. ती कुजबुजली, "पटकन म्हणायचं. आमेन म्हटलं की संपतं."

पण शांतवननं पटकन नाही म्हटलं. म्हणाला, "देवा, माझ्या लेकराला मी तुझी भीती घातली. तू तसा नाहीस. तिला तू तुझी ओळख करून दे. माझ्याकडून ती ओळख चुकीची झाली."

सुवीनं त्याची बाही ओढली. "पप्पा, देव कोंबडीचं विचारतोय?"

"नाही गं. तो तुझंच विचारतोय. पोरगी कुठंय, तिला लागलंय का."

सुवीनं हळूच गाल पुढं केला. "इथं लागलंय," म्हणाली, आणि बापाच्या मांडीत शिरली. बाहेर सुगंधा आली होती, विहिरीकाठच्या चिखलानं माखलेली. तीही आत शिरली! वर लिलाव चाललेला, खाली तिघं एकमेकांना धरून बसलेले. मला विचाराल, तर त्या दिवशीचं खरं अर्पण वर नव्हतं, खाली होतं.

चटई अजून त्या घरात आहे. रात्री तिच्यावर बसून तिघं जेवतात. दूध सांडलं तर शांतवन फडकं आणतो. निम्मं तो पुसतो, निम्मं सुवी. आणि उपासनेत ती फिसकन हसली, की तोही हसतो.

आता मंडळी, तुमच्याकडं वळतो. शिस्त लावू नका, असं नाही म्हणत मी. उद्या घरी जाऊन माझं नाव पुढं करू नका! पण शिष्यांनी जेव्हा प्रभूकडं येणाऱ्या लेकरांना हटकलं, तेव्हा प्रभू रागावला तो शिष्यांवर, लेकरांवर नाही. "देव बघतोय हं!" आपण म्हणतो ना? अहो, बघतोयच! पण कसा बघतोय, हे कधी सांगितलंत का? आज घरी जा, लेकराला जवळ घ्या आणि विचारा — तू चुकलास की देव काय करतो रे? जे उत्तर येईल, ते देवाचं वर्णन नसेल बरं का. ते तुमचं असेल!

आणि एक शेवटचं. त्या दिवशी सबंध मंडळी धावली होती — कोंबडीमागं! देवाचं म्हणून धावली. पण देव कुणामागं धावत होता?

म्हणा माझ्याबरोबर. आणि म्हणताना मांडीवरच्या लेकराला जरा घट्ट धरा.

भीती ज्याची, त्याला पाठ।
प्रीती ज्याची, त्याची वाट॥