गुलाबभाईंच्या उशाशी कोण बसलं होतं?

मंडळी, टाळ खाली ठेवा. पेटीवाले, तुम्हीही हात थांबवा जरा. आज गाण्याआधी एक प्रश्न टाकतो, आणि उत्तराची घाई कुणी करू नका. ख्रिस्ताच्या पाळकानं — झगा घालणाऱ्या, प्रभुभोजन देणाऱ्या पाळकानं — दुसऱ्या धर्माच्या जागेत जाऊन प्रार्थना करावी का?

बघा, बघा! डावीकडच्या माना हलल्या — "मुळीच नाही!" उजवीकडचे दोघं-तिघं म्हणतायत, "काय बिघडतं?" आणि मागे पंख्याखाली बसलेत ते म्हणतायत, "बुवा, लवकर आटपा, भात निवतोय!" निवू द्या. ऐका.

गोमाळवाडी नावाचं गाव. अलीकडे आपलं चर्च, मध्ये ओढा, आणि ओढ्यापलीकडे टेकाडावर जुना दर्गा. चर्चचे पाळक नथानिएल घाटविसावे. उंच, ताठ, आणि आवाज? अहो, ते उपासनेत "हे प्रभो" म्हणाले की ओढ्यावर धुणं धुणाऱ्या बायका हात थांबवायच्या! तसा आवाज साऱ्या तालुक्यात दुसरा नाही.

दर्ग्याची देखभाल करणारे मुजावर म्हणजे गुलाबभाई. पाळकसाहेब आणि ते शाळेत एका बाकावर बसलेले. साऱ्या गावाचे पाळकसाहेब, पण गुलाबभाईंचा तो "नाथा"च! आणि गुलाबभाईंच्या बोटांत ढोलकी अशी, की काय सांगू! नाताळात आपल्या चर्चमध्ये कीर्तन असलं की साथीला कोण? गुलाबभाई! डोक्याला रुमाल बांधायचे, चपला दारात काढायचे, खाली मांडी घालून बसायचे. आपण प्रार्थनेला उभे राहिलो की तेही उभे. तीस वर्षं, मंडळी! त्यांना कुणी विचारलं का, बाबा, तुला इथं उभं राहायला चालतं का? नाही विचारलं. आपल्याला ढोलकी हवी होती!

आता त्या वर्षी काय झालं — शेजारच्या गावी पाळक होते अमोलिक. साधा माणूस. त्यांच्या गावच्या वऱ्हाडाचा टेम्पो घाटात उलटला. अकरा जण गेले. प्रेतं ठेवायची कुठं? मारुतीच्या देवळाच्या मंडपात, कारण तेवढी सावली गावात दुसरी नव्हती. रडणारी माणसं म्हणाली, "पाळकसाहेब, तुम्हीही दोन शब्द बोला देवाशी." अमोलिक बोलले. कुणीतरी मोबाइलवर फोटो काढला. झालं!

चर्चच्या प्रांताची सभा भरली, तिथं उभं कोण राहिलं? आपले घाटविसावे! "आज मारुतीच्या मंडपात, उद्या कुठं? मेंढपाळच कुंपण मोडायला लागला, तर मेंढरांनी कुणाकडे बघायचं?" टाळ्या पडल्या. ठराव झाला — जो पाळक असं करील त्याचं पद जाईल. अमोलिकांचं पाळकपद गेलं, आठ दिवसांत घर सोडावं लागलं. हातगाडीवर भांडी, वर शिलाई मशीन, मागून बायको चालतेय — असे गेले.

थांबा, लगेच घाटविसाव्यांना नावं ठेवू नका! त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं. फोटोपुरते हात जोडत जो सगळीकडे फिरतो, त्याच्या भक्तीला ठावठिकाणा राहत नाही. मीसुद्धा कुंपणाच्या बाजूचाच माणूस आहे. म्हणून तर ही गोष्ट मला सुखानं झोपू देत नाही!

तीन महिने गेले. चैत्रातली ऐन दुपार. गुलाबभाईंची लेक जैबुन धापा टाकत पाळकसाहेबांच्या दारात.

"काका, अब्बांना श्वास लागलाय. डॉक्टर म्हणाले, आता हलवू नका. अब्बा सारखं म्हणतायत — नाथाला बोलवा. म्हणतायत, मला मरणाची भीती वाटतीय, नाथाला म्हणावं, तुझ्या पद्धतीनं माझ्यासाठी देवाशी बोल."

"आहेत कुठं ते?"

"दर्ग्यात. मजारीच्या पायथ्याशी झोपायचे ना, तिथंच पडलेत."

मंडळी, गुलाबभाईंना धर्म बदलायचा नव्हता हो! मरणाच्या दारात उभ्या माणसाला आपल्या मित्राचा आवाज हवा होता. एवढंच.

पाळकसाहेब निघाले. ओढा ओलांडला, टेकाड चढले. आणि दर्ग्याजवळ येताच त्यांना चमत्कारिक वाटायला लागलं. त्या घुमटावर पारवे किती! रोज कानठळ्या बसतील इतके घुमायचे. त्या दिवशी सगळे ओळीनं बसलेले — आणि एकाच्याही गळ्यातून आवाज नाही. सगळे दाराकडे बघतायत. लिंबाचं पान हलत नाही. पाळकसाहेब उंबरठ्याशी आले... आणि पाय थांबला.

"जैबुन, त्यांना बाहेर आण. इथं लिंबाखाली मी प्रार्थना करतो."

"काका, खाट उचलली तर दम तुटेल त्यांचा!"

तेवढ्यात आतून क्षीण हाक आली — "नाथा... आलास?"

एक उंबरठा, मंडळी! वीतभर उंच. पण त्या घटकेला पाळकसाहेबांच्या डोळ्यांपुढे कोण आलं? प्रभू आला का? नाही! प्रांताची सभा आली. तो मोबाइल आला. अमोलिकांची हातगाडी आली. ते म्हणाले, "जैबुन, मी घरून प्रार्थना करतो. प्रभू सगळीकडून ऐकतो." आणि वळले.

सांगा, वाक्य खोटं आहे का? अगदी खरं आहे! खरं वाक्य पुढे करून माणूस किती बेमालूम पळ काढतो!

घरी आले, आतल्या खोलीत गुडघे टेकले. डोळे मिटले. म्हणायला गेले, "हे प्रभो—"

आवाज नाही!

पुन्हा तोंड उघडलं. ओठ हलतायत, छाती भरून येतेय, पण गळ्यातून काही नाही. घसा दुखत नाही, बसलेला नाही. बाहेरचा कावळा ऐकू येतोय. मांडीवर थाप मारली, तीही ऐकू आली. फक्त स्वतःचा आवाज... जागेवर नाही!

पाळकीणबाई रूथ पाणी घेऊन आल्या. "अहो, काय होतंय?" ते हातानं गळा दाखवतायत. आणि रूथबाईंच्या हातातला तांब्या तसाच राहिला. त्यांचं लक्ष खिडकीकडे गेलं होतं.

ओढ्यापलीकडून आवाज येत होता. भरदार, संथ, ओळखीचा. "हे प्रभो, हा माझा मित्र आहे. ह्याची भीती काढून घे..."

रूथबाईंनी टेकाडाकडे बघितलं. मग नवऱ्याकडे बघितलं. "तुम्ही तर इथं आहात," त्या हळूच म्हणाल्या, "मग तिथं कोण बोलतंय?"

तासभर तो आवाज चालला. तासभर हा माणूस गुडघ्यांवर, मुका, स्वतःचीच प्रार्थना ऐकत बसला. ज्या गोष्टी त्याला आणि गुलाबभाईंनाच ठाऊक, त्यासुद्धा तो आवाज देवाला सांगत होता. मग आवाज थांबला. आणि इकडे खोलीत, न बोलवता, पाळकसाहेबांच्या गळ्यातून शब्द बाहेर पडला — "आमेन!" भिंत हादरावी एवढा. आपल्याच आवाजाला ते दचकले.

ऊन उतरल्यावर जैबुन आली. डोळे सुजलेले, पण चेहरा शांत. "काका, अब्बा गेले. तुम्ही परत फिरून आलात, फार उपकार झाले. तुमचा हात धरून हसत गेले."

पाळकसाहेब भिंतीला टेकले. "मी... कसा आलो, पोरी?"

"असं काय विचारता? हौदावर पाय धुतलेत, माझ्याकडे न बघता आत गेलात. हात फार गार होता तुमचा काका, मला लागला तेव्हा दचकलेच मी." मग ती थोडी घुटमळली. "एक कळलं नाही. आत जाताना तुमची ओली पावलं उमटली फरशीवर. बाहेर येतानाची कुठं दिसली नाहीत, आणि दारातून जाताना तुम्हीही दिसला नाहीत. तुम्ही गेलात कुठल्या दारानं? दार तर एकच आहे."

कळलं, मंडळी? जाताना पावलं आहेत. येतानाची नाहीत!

रविवारी उपासना संपली आणि पंच बसले. पंचप्रमुखांनी विचारलं. "पाळकसाहेब, निम्म्या गावानं तुमची प्रार्थना दर्ग्यातून ऐकलीय. ठराव तुमचाच आहे. काय म्हणणं आहे तुमचं?"

रूथबाई ताडकन उभ्या राहिल्या. "ते घरी होते! माझ्या डोळ्यांसमोर होते. शपथेवर सांगते!"

सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. वाचले पाळकसाहेब! साक्षीदार खरा, साक्ष खरी. नुसती मान हलवायची होती. पद राहणार, घर राहणार, अब्रू राहणार.

पाळकसाहेब उठले.

"ही खरं बोलतेय. मी गेलो नाही. मित्रानं आतून हाक मारली, ती मी ऐकली, आणि उंबरठ्यावरून परत फिरलो. त्याच्या उशाशी जो बसला, तो मी नव्हतो. तो कोण असेल, हे मला वाटतं तुम्हालाही कळलंय. त्यानं कुंपण मोडलं म्हणून त्याच्यावर ठराव करायचा असेल, तर करा, लिहा! आणि माझ्यावर करायचा असेल तर तो ह्यासाठी करा — की मी गेलो नाही."

झगा उतरवला, घडी घातली, मेजावर ठेवला. "हा अमोलिकांना पोचवा. त्यांचा मीच हिसकावला होता." आणि बाहेर पडले. कुणाचीही लेखणी कागदाला लागली नाही.

तर मंडळी, माझा प्रश्न तसाच आहे. कुंपण असावं का? असावं! मी आजही म्हणतो. पण ज्याच्यासाठी आपण ते घातलं, तोच पाय धुऊन पलीकडे जाऊन बसला, तर आपण आतल्या बाजूला राखण कुणाची करतोय?

डावीकडच्या माना खाली गेल्या. उजवीकडच्यांनो, तुम्ही हसू नका! "काय बिघडतं" म्हणणारे तरी कितीजण गेलात कुणाच्या उशाशी? आत्ता, ह्या घटकेला, तुम्हा प्रत्येकाचं नाव घेऊन कुणीतरी कुठंतरी हाक मारतंय. सख्खा भाऊ असेल, बोलणं टाकलेली शेजारीण असेल. आणि तुम्ही त्यांना एक खरंखुरं वाक्य सांगून परत आलेले आहात.

उभे राहा. शेवटचा जयजयकार आज मी सुरू करणार नाही. जो हाकेला गेला असेल, त्यानं सुरू करावा.

मी थांबलोय.