शाहीर भिवा, वय वर्षे एकोणीस

समारंभाचे अध्यक्ष माननीय शरदचंद्रजी, व्यासपीठावरील पाहुणे, सत्कारमूर्ती कमलाकांतराव, पुढच्या रांगेत बसलेल्या सुंदराबाई आणि अवघा अर्धा तास उशिरा येऊन आपण परळकर असल्याचं सिद्ध करणाऱ्या मित्रहो,

कमलाकांतराव गिरगावातला ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ बंद करून लेकीकडे नाशिकला निघालेत. त्यांच्याबद्दल चार चांगले शब्द बोलायला मला, या रामदासला, उभं केलंय. पण कौतुक करायचं तर आधी माझा प्रताप सांगावा लागेल.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात, अठ्ठावन्न साली, आपल्या चाळीतल्या शाहीर भिवांचा पोवाडा कुणीतरी टेपच्या मोठ्या स्पूलवर घेतला. पुढे तीन वर्षांत विषमज्वराने ते गेले. पंचाहत्तर साली तो स्पूल कॅसेटवर उतरवला कुणी? अस्मादिकांनी. माझ्या मशीनचा पट्टा सैल, त्यामुळे स्पूल फिरला हळू आणि आवाज निघाला खर्जातला, भारदस्त. शाहीर म्हणजे असाच असणार, असं म्हणून आम्ही माना डोलावल्या. मूळ स्पूल नंतर बुरशीने गेला. वीस वर्षं दर एक मेला तीच कॅसेट वाजली. मुलंही तसंच जड गायला शिकली; आमचे रघुवीर तर त्या आवाजासाठी आदल्या दिवशी मुद्दाम थंडगार ताक पितात. भिवांच्या पत्नी सुंदराबाई मात्र कॅसेट लागली की उठून जात. आम्हाला वाटे, दुःख होत असेल.

गेल्या वर्षी कॅसेट फार खरखरू लागली, म्हणून कमलाकांतरावांकडे नेली. खरखर काढताना ते थबकले.

"रामदास, मागे विजेची बारीक गुणगुण आहे बघा. तिचा सूर ठरलेला असतो, इथे त्यापेक्षा खाली लागतेय. कॅसेट भरताना तुमचा स्पूल हळू फिरलाय."

गुणगुण जागेवर येईपर्यंत त्यांनी वेग चढवला. आणि आला एक कोवळा, भरभर धावणारा, मिसरूड फुटल्या वयाचा आवाज.

चाळीची कमिटी खवळली. शाहिरांचं पोरगं करून टाकलं म्हणे. जुनीच कॅसेट लावायची, असा ठराव लिहूनही झाला. कमलाकांतराव शांतपणे म्हणाले, "ज्यांनी त्यांना ऐकलंय, त्यांना विचारलंत का?"

इतकी साधी गोष्ट कुणाला सुचली नव्हती. सुंदराबाईंना बोलावलं. पहिल्याच ओळीला त्यांनी पदर तोंडाशी नेला. त्या नवऱ्याचं नाव घेत नाहीत. एवढंच म्हणाल्या, "हेच. एकोनीस वर्साचे व्हते. तुमच्या त्या क्याशेटीतला मानूस मला वळखूच येईना. मला वाटायचं, ह्यांचा आवाज मीच इसरले."

मंडळी, ठराव तिथेच फाडला. पण मला अजून लाज वाटते.

कमलाकांतराव, या कामाचे आभार शब्दांत मावणारे नाहीत, तरी स्वीकारावेत. अध्यक्षांनी वेळ दिला, आपण ऐकून घेतलंत, ऋणी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर सभागृहाने पोटात घालावं. सुंदराबाई, त्या वीस वर्षांची माफी मात्र तुमच्याकडेच मागतो.