एकशे बारा नंबरची सरळ रेष

आणि वर मलाच विचारतात, "डॉक्टर, प्रश्नावली नीट तपासली नव्हती का?" तपासली नव्हती? तुम्हाला सांगते, तीन महिने तपासली! मराठीत, कन्नडमध्ये, तेलुगूत. 'बिडी ओढता का' विचारायचं की 'बिडी पिता का', यावरून दोन प्रोफेसर आठवडाभर एकमेकांशी बोलत नव्हते! बावीस प्रश्न झाले, आणि त्यात तो एक प्रश्न नव्हता. नव्हता म्हणजे नव्हताच!

थांबा, नीट सांगते. माझं संशोधन हृदयविकारावर. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचे माग चालवणारे कामगार, पहिला झटका येऊन गेलेले, त्यांची बिडी सोडवायची आणि दर महिन्याला फोन करून चौकशी करायची. मी तर ठरवूनच आले होते, सोलापुरातली शेवटची बिडी मीच विझवणार! हसू नका. अठ्ठाविसाव्या वर्षी माणूस असंच बोलतो.

तर एकशे बारा नंबर, मडिवाळप्पा. मी भाषण संपवायच्या आत त्यांनी खिशातलं बंडल काढून माझ्या टेबलावर ठेवलं. "ठिवा तुमच्यापाशी. मागाय आलो तर देऊ नका." मी म्हटलं, "बघा, आता काही होत नाही तुम्हाला!" बंडल अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. मागायला आलेच नाहीत.

महिन्याचा पहिला सोमवार, सकाळी अकरा. ते कामावर, मोबाइल घरी, उचलणार त्यांची बायको, नागव्वा. आमच्या फॉर्मवर चौकटच होती, 'घरच्यांनी उत्तर दिल्यास चालेल.' चालेल म्हणे! कुणी लिहिलं? मीच!

"मावशी, सात दिवसांत बिडी ओढली का त्यांनी?"

"न्हाय की."

"छातीत दुखतं?"

"न्हाय."

"जिना चढताना दम लागतो?"

"आता न्हाय लागत."

"झोप?"

"लई शांत, बाई." आणि मध्येच पलीकडे पिचकन काहीतरी वाजायचं. मी म्हणायची, नेटवर्क.

बाकीच्यांचे आलेख बघाल तर... कुणी दिवाळीला ओढली, कुणी मेहुण्याच्या लग्नात, कुणी म्हणे नुसता वास घेतला! आणि एकशे बारा? सरळ रेष! परिषदेत मी ती पडद्यावर दाखवली. आमचे सर उभे राहिले, "ब्युटिफुल लाइन, डॉक्टर!" टाळ्या! अहो, ईसीजीवर सरळ रेष कधी येते हे निदान... सभागृहभर हृदयाचे डॉक्टर बसले होते हो!

वर्ष भरलं. सर म्हणाले, सत्कार करा. मग काय, शाल, नारळ, हार, 'बिडीमुक्त' असं छापलेलं प्रमाणपत्र, सगळं घेऊन गेले. उंबऱ्यापाशी त्यांच्या चपला दिसल्या, म्हटलं, आहेत घरी! हाक मारली, "मडिवाळप्पा, बाहेर या, सत्कार आहे!" नागव्वा बाहेर आली. तिनं माझ्या हातातल्या हाराकडे बघितलं, मग भिंतीकडे. भिंतीवर ते होते. हारासकट.

नऊ महिने! तुम्हाला सांगते, नऊ महिने मी मेलेल्या माणसाला विचारत होते, जिना चढताना दम लागतो का!

"मावशी, सांगितलं का नाही?"

"तुमी इच्यारलंच न्हाय की!"

नव्हताच ना तो प्रश्न! आणि बाई एक अक्षर खोटं बोलली नव्हती.

"बिडी खरंच सोडली हुती वो त्यांनी," ती म्हणाली. "तीन म्हयनं झालं हुतं. मागाच्या शेडमदीच छातीत कळ आली. पंधरा दिस माणसं आली, मग कुणी नाव काडंना. तुमीच तेवढं इच्यारायचा, झोप लागती का, दम लागतो का. मला वाटायचं, या बाईला ठावं न्हाय, तवर ते कुटंतरी हायती."

मग माझ्या हाताकडे बघून, "घाला की हार. आणलाय तर."

घातला. काय करणार?

सर म्हणाले, "कॉलममध्ये मृत लिही. फाइल बंद, फोन बंद." आता सगळ्यात वर नवा प्रश्न छापलाय, 'रुग्ण हयात आहे का?' लोक खवळतात, "ओ बाई, सकाळी सकाळी काय इच्यारताव!"

आणि पुढच्या पहिल्या सोमवारी, अकरा वाजता, हात आपोआप फोनकडे... तिनं उचलला. आणि पिचकन तोच आवाज!

"मावशी, हे काय वाजतं?"

"अय्यो, मिसरी की! सकाळधरनं चारदा लावती."

मिसरी! भाजलेली तंबाखू ती! वर्षभर बाई माझ्या कानाशी तंबाखू थुंकत होती, आणि मी तिच्या नवऱ्याच्या बिड्या मोजत होते! तिला कुणी विचारायचं? तोही प्रश्न नव्हता!

मी उसळलेच. "मावशी, आजच सोडा!"

"सोडली की फोन बंद व्हनार न्हवं?"

"छे! सोडली तरी करीन. काही होत नाही, बघा!"

"त्यास्नी बी असंच म्हणला हुता तुमी."

...

आता एकशे बाराच्या जागी मी माझ्या वहीत नागव्वा लिहिलंय. दर महिन्याला विचारते, "मिसरी सोडली का?" ती म्हणते, "फुडच्या म्हयन्यात इच्यारा की." कधी दोनदा लावते, कधी चारदा, सणाला सहादा. रेष नुसती वर-खाली, वर-खाली! इतकी वाईट रेष अख्ख्या अभ्यासात नाही... आणि ती बघून मला इतकं बरं वाटतं ना... सरांना सांगू नका हं!