बाळ्या माझ्याकडे का बघतो

नाही हो शितल मॅडम, बिघडलाय असं नका म्हणू. तुमच्या संस्थेनं हा कुत्रा पाठवला तेव्हा होता तसाच आहे — नाव तेवढं बदललं, ऑस्कर म्हणून हाक मारायला आमच्या चिकूवाडीतल्या बायकांची जीभ वळेना, मग झाला बाळ्या. चहा घ्या ना. माझ्या लेकीला वेळ लागेल, तुम्हीच सांगितलंत ना तिला, भाविका, बाहेर जायचे कपडे घालून पर्स घेऊन ये, मला बघायचंय हा काय करतो ते — म्हणजे आता ती केस विंचरणार, मग ओढणी शोधणार. घ्या तुम्ही. काय? माझे हात? टेबलावर ठेवू? बरं बाई, ठेवले. परीक्षा कुत्र्याची आहे की माझी?

कामाचा आहे, मी कुठं नाही म्हणते? भाविकाला आकडी यायच्या आधी पाच-दहा मिनिटं त्याला कळतं — तिच्या मांडीवर पंजा ठेवतो, भुंकतो, मग ती असेल तिथं कुशीवर आडवी होते. पहिल्यांदा खरंच झालं ना तसं, ती डहाणूला निघाली होती, यानं पायरीवरच अडवली, ती ओटीवर आडवी झाली आणि आलीच आकडी. मी तर त्याच्या पाया पडले. आणि हातात होता तो सुका बोंबील त्याला दिला, चिंचणीहून आणलेले निवडत बसले होते. हो, तुम्ही बजावलं होतं, खाऊ फक्त भाविकानंच द्यायचा. पण मॅडम, आपल्या पोरीचा जीव वाचवणाऱ्याला कुणी तोंड गोड न करता पाठवतं का? त्याला पेढा कुठून देऊ, बोंबील दिला.

दुसऱ्या दिवशी ती परत निघाली. मी दारात उभी. आणि हा तिच्याकडे बघतच नव्हता — माझ्याकडे, माझ्या मुठीकडे. मग भुंकला. देवाशपथ सांगते, मी शिकवलं नाही, त्याचा तो शिकला. मी फक्त — दिला. एकदाच. म्हणजे दोन-तीनदा. ती चप्पल घालायची, हा पंजा ठेवायचा, ती बिचारी आडवी व्हायची, बस निघून जायची. आकडी यायची नाही, पण पोरगी घरात राहायची. आठ-दहा वेळा झालं असेल. रोज नाही हो! रोज आता ती निघतेच कुठं.

काय म्हणाली ती तुम्हाला फोनवर? कोंडल्यासारखं होतं? मग मी काय मोकळी आहे? तीन वर्षांमागे आकडी येऊन वाडीतल्या हौदात पालथी पडली होती ती, केसांना धरून ओढली मी वर. तेव्हापासून सख्ख्या भाचीच्या लग्नाला गेले नाही मी, वाडीच्या टोकापर्यंत जात नाही, ती न्हाणीघरात असली की दाराबाहेर उभी असते, कडी लावू देत नाही. भीती वाटते मला, सरळ सांगते. आणि हिला तलासरीला शाळेत कॉम्प्युटर शिकवायचाय, झरीला त्या मैत्रिणीबरोबर, निलमबरोबर, खोली घेऊन राहायचंय! शाळेच्या बाई म्हणाल्या, कुत्रा सोबत असेल तर या, एक तारखेपासून. आमच्या गोविंदरावांनी लगेच आळीत पेढे वाटले. बापाला काय जातंय, त्यांनी हौद कुठं पाहिला.

मंगळवारचं — ते पण सांगितलं तिनं? हो. आली होती आकडी. न्हाणीघरात. मी जरा भाजी उतरवायला आत गेले, तेवढ्यात. आणि हा तिच्यापाशी नव्हताच, माझ्या मागोमाग आलेला, स्वयंपाकघरात तोंड वर करून बसलेला. भुंकला नाही, हलला नाही. धपकन आवाज झाला तेव्हा मी धावले. कपाळाला तीन टाके पडले तिच्या... मला सांगू नका मॅडम. मी काय करून बसले ते फरशीवरचं रक्त पुसताना कळलं मला. त्याच दिवशी बोंबलाची बरणी माळ्यावर टाकली. पण बघा ना — आत्ताही, ती आत आहे आणि हा माझ्याकडेच बघतोय.

शिकवायला परत न्यावा लागेल? किती? तीन महिने! आणि तोवर दुसरा देणार नाही? असं कसं — नाही हो, शाळा नाही थांबणार, त्यांनी स्पष्ट सांगितलंय, एक तारखेला कुत्र्यासकट हजर, नाहीतर दुसरी बाई तयार आहे त्यांच्याकडे. मग तिची नोकरी...

नका, तिला हाक नका मारू. थांबा जरा.

तीन महिने म्हणालात ना?

न्या मग. आजच न्या. चार ठेवा, पाच ठेवा, नीट शिकवा, आमची काही घाई नाही. तिला मी सांगेन, मॅडमनीच नेला, आईच्या हातात काय होतं. पट्टा तिथं खुंटीला आहे, घ्या — बसलात काय, उठा ना. ती बाहेर यायच्या आत निघा.