कुसाबाईंबद्दलचं एक वाक्य

आशा : बाबा, पुस्तकातलं हे ‘हौसेनं’ काढा. दिवसभर उन्हात द्राक्षं खुडायला कोणी हौसेनं जातं का?

बाबा : कुसाबाई गेल्या. सुरगाण्याहून निफाडला, लग्नानंतर पहिल्याच वर्षी.

आशा : पोटासाठी गेल्या. लोक म्हणतील, प्राध्यापकसाहेबांना मजुरी म्हणजे सहल वाटते.

बाबा : म्हणू देत. पोटाचं मी वरच्याच ओळीत लिहिलंय. पण माणूस तेवढ्यासाठीच जगला असं धरलं, तर त्याचा इतिहास कशाला लिहायचा? ज्वारी-बाजरीचा लिहावा.

आशा : वर्गात टाळ्या पडत असतील याला.

बाबा : वर्गात मी पेशवाई शिकवतो. पोरं झोपतात.

आशा : त्या स्वतः ‘हौस’ म्हणाल्या होत्या?

बाबा : नाही. निफाडचं नाव काढलं की हसायच्या.

आशा : हसण्याला तळटीप कशी देणार?

बाबा : म्हणून तर उद्या जायचं. ज्याचं त्याला वाचून दाखवल्याशिवाय छापायचं नाही. त्या नको म्हणाल्या तर मीच खोडेन. मागच्या पुस्तकात मालेगावच्या खाजाभाईंनी तर विणकरांचं अख्खं प्रकरण बदलायला लावलं होतं. त्यामुळेच ते पुस्तक उभं राहिलं. तू चल, तूच वाच. माझा घसा बसलाय.

आशा : वाचेन. ते वाक्य गाळून.

बाबा : बघू. आता चहा टाक.

(त्याच रात्री बाबा झोपेतच वारले. महिन्याभरानं, सुरगाण्याजवळच्या पाड्यावर, कुसाबाईंच्या ओट्यावर.)

कुसाबाई : सर गेले, म्हणून तू आली? एवढ्या लांब, वाचायला?

आशा : तुमचंच राहिलं होतं, मावशी.

कुसाबाई : वाच मंग. जोरात. ह्या कानानं ऐकू येत नाय.

आशा : ‘त्या वर्षी भात हातचा गेला. पोटासाठी माणसं निफाडला निघाली. कुसाबाईही निघाल्या. पण...’

कुसाबाई : थांबली का?

आशा : पुढचं मला पटलेलं नाही.

कुसाबाई : ते तुझ्याबद्दल लिहेल हाय का माझ्याबद्दल?

आशा : ‘...पण त्या हौसेनं निघाल्या.’

कुसाबाई : अगं बया!

आशा : खोडू?

कुसाबाई : खोडती कशाला? खरंच हाय. घरी सासू, जावा, एवढीशी खोपी. नवऱ्याशी बोलायची सोय नव्हती. तिकडं बागेच्या कडंला आम्ही दोघंच. काम लय, हात सोलून निघायचे. पण रातच्याला बोलत बसायचो. त्याला गाता येतं, हे मला निफाडात कळलं. पण हे मी सरांना सांगेल नव्हतं. लाज वाटायची. त्यांला कसं कळलं?

आशा : तुम्ही हसायचात, म्हणाले.

कुसाबाई : तेवढ्यावरून?

आशा : तेवढ्यावरून. आणि मग तुम्हाला विचारायला येणार होते.

कुसाबाई : लय हुशार माणूस. तू त्यांला म्हणायची का कधी तसं?

आशा : नाही. आम्ही वाद घालायचो.

कुसाबाई : बरं, वाच पुढं. पाणी आणू का?

आशा : नको. (कागदांकडे बघत) बाबा, वाक्य राहतंय. फार चांगले इतिहासकार होतात तुम्ही.