पलंगाखालचं पोतं

हॅलो? … हां वन्सं, बोला. मी सुनयनाच… नाही, आवाज बसलाय जरा. झोप नाही ना.

तुमचे भाऊ ड्युटीवर… हो, आबा बरे आहेत. म्हणजे… गॅलरीत बसलेत. थांबा, दार लोटते. … हां, बोला आता.

नाही हो, लपवत नव्हते. सांगणारच होते. … उंदीर चावला त्यांना. पायाच्या अंगठ्याला.

अहो, त्यांना कळलंच नाही. साखरेने पाय बधिर झालेत ना. सकाळी चादर लाल दिसली म्हणून मी बघितलं… हो, इंजेक्शनं झाली. पण परत चावला आणि चिघळलं तर अंगठा जाईल म्हणाले डॉक्टर.

घर? … वन्सं, घर साफच असतं माझं. ऐका ना… ऐका तर. तळमजला आहे, दाराशी गटार आहे, मान्य. पण मोरीच्या जाळीवर वीट ठेवलीय. सिंकखालच्या फटीत तारेची घासणी कोंबून वरून सिमेंट लावलंय. सोसायटीने माणूस आणून बाहेरची बिळं बुजवली. बाहेरून आता कोणी येत नाही. हा आतलाच आहे.

कुठे म्हणजे… तुम्ही पाठवलेल्या पोत्यात.

… हॅलो? आहात ना? … अहो, तुम्हाला नाही बोलत. ज्वारी चांगलीच असणार. आम्ही कुठे खाल्लीय अजून.

हो, तेच. पाडव्याला टेम्पोने आलं ते तसंच आहे, त्यांच्या पलंगाखाली. उघडू देत नाहीत. 'पुतळा आली की तिच्या हातनं सुटंल,' एवढंच. दर वर्षी तुम्हीच घेऊन यायचात, सुतळी सोडून पहिलं सूप तुम्हीच भरायचात… हो, यंदा नाही जमलं, माहितीये. मी बोलतेय का काही?

वरची गाठ जशीच्या तशी, आणि मागच्या कोपऱ्याला हे एवढं भोक. पत्र्याची कोठी आणून ठेवलीय, घट्ट झाकणाची. त्यात ओतलं की संपलं. पण हात लावला की, 'लेकीचं हाय ते.'

पिंजरा लावला ना. भजं लावलं. पोतंभर ज्वारी पुढ्यात असताना तो भज्याला कशाला येईल? … औषध नको हो. धान्यात मिसळलं म्हणजे? आणि आतच मेला तर पोतं टाकावं लागेल.

गुपचूप? तेही केलं. आंघोळीला गेले तेव्हा ओढत होते, तर साबण लावलेले तसेच बाहेर आले. जन्मभर बाजारात गोण्या वाहिल्यात, पोतं सरकल्याचा आवाज कळतो त्यांना. मग दिवसभर जेवले नाहीत.

व्हिडिओ कॉलचं पण काढलं मी. म्हटलं, वन्सं तिकडून बघतील, मी इथे सोडते. तर म्हणे, 'फोनवर गाठ सुटती व्हय?'

… हसा. हसा तुम्ही. मला नाही येत आता.

मी? मी बसते त्यांच्या पायाशी, काठी घेऊन. मोजे घालते तर काढून टाकतात. जरा डोळा लागला की पलंगाखाली करकर. कंटाळा आलाय वन्सं, खरं सांगते. उंदराचा नाही… जाऊ दे.

… हो. … भुईमूग काढायला आलाय, कळतं मला. … जनावरं कोण बघणार, तेही कळतं.

… काय? … शनिवारी? सकाळच्या गाडीने? … नक्की ना?

नाही, त्यांना नाही सांगत. नको. पाडव्याला तुम्ही येते म्हणालात. टेम्पोतून पोतं एकटंच उतरलं, तरी आबा संध्याकाळपर्यंत पायरीवर बसून. आत येईनात. तुम्ही दारात उभ्या राहा, मग सांगते.

… रडू नका आता. … शेंगा? नको, नको. अहो वन्सं, पोतं नको. काहीच आणू नका. रिकाम्या हाताने या. गाठ तेवढी सोडा.

बरं, ठेवते. हाका मारतायत…

आले, आबा. … कोणाचा नाही. राँग नंबर होता.